चाकावरचं घर, तुमचं आणि त्यांचं

सध्या आयटीवाल्यांत एक नवीन खूळ आलंय. ट्रॅव्हलर गाडी घ्यायची, आत गादी, गॅस, पाण्याची टाकी बसवायची आणि वर्क फ्रॉम होमच्या जिवावर निघायचं भारत बघायला. माझा त्याला काडीचाही विरोध नाही. खुशाल फिरा! माझं भांडण आहे ते बघणाऱ्यांशी.

अशी गाडी समृद्धीवरून उतरून आमच्या जालन्यात आली की लोक काय करतात? सेल्फी काढतात, चहा पाजतात, "काय डेअरिंग आहे राव!" म्हणतात. फार तर एखादी मावशी विचारते, "अरे पण लग्नाचं काय? घर कधी घेणार?" बस्स, एवढाच काय तो जाच. २०२१ साली तर राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच आणलं. गाडी लावायला जागा, पाणी, वीज, सगळ्याचा विचार त्यात आहे.

आता दुसरी गाडी बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मंठा, परतूर, अंबड, घनसावंगीकडून ऊसतोडीला ट्रॅक्टर निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, सरपण आणि त्यावर बसलेली पोरं. नवराबायको मिळून एक 'कोयता', मुकादमाकडून उचल घेतलेली. पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, फडाजवळच्या कोपीत मुक्काम. हेही घरदार चाकावर घालून फिरणंच की! यांना कोण चहा पाजतो? आपण फक्त मागून हॉर्न मारतो.

"अरे, ती हौस आहे आणि ही मजबुरी. तुलना कशी करतोस?" असं कुणीतरी म्हणणारच. बरोबर आहे, पण मग मजबुरी असलेल्याला जास्त माया मिळायला हवी ना? हौशी माणसाला पाणी विचारायचं आणि पोटासाठी फिरणाऱ्याला आधार कार्ड, हे कुठलं लॉजिक?

आणि ज्यांचं फिरणं पिढीजात, त्यांचं तर विचारूच नका. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या त्यातून सुटल्या, पण कागदावर. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. का, तर पोरं पळवणारे असतील असा संशय! गावात चेहरा अनोळखी, एवढंच निमित्त. कॅराव्हॅनवाल्याचा चेहरा काय गावाच्या ओळखीचा असतो?

सरकार दरबारी तर विनोदच आहे. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांच्या जातीच्या दाखल्यासाठी कायद्याने २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख धरलीय. त्या दिवशी तुमचं कुटुंब राज्यात कायमचं कुठे राहत होतं ते दाखवा. अहो, भटके ते! कायमचं राहत असते तर भटके कशाला म्हटलं असतं?

मला तर यातून एकच दिसतं. आपल्याला फिरण्याचं वावडं नाही, कौतुकही नाही. आपण बघतो ते मागे ठेवलेलं घर. पुण्यात फ्लॅट, बँकेत पगार आणि परतायला पत्ता असेल तर तुम्ही 'ट्रॅव्हलर'. नसेल तर 'कुठून आलेत कोण जाणे'.

तेव्हा मंडळी, व्हॅनच्या व्हिडिओला लाईक जरूर ठोका. फक्त गावाबाहेर एखादं पाल दिसलं की लगेच ११२ फिरवू नका. आणि कॅराव्हॅनसाठी जागा, पाणी, विजेची जी यादी केलीय, तीच ऊसतोड्यांच्या तळावर का लागू होत नाही, हे एकदा आपापल्या आमदाराला विचारा. लग्न कधी करणार हे विचारण्यापेक्षा तो प्रश्न नक्कीच बरा!