वसईच्या छाताडावर नाच

मे १७३९. चिमाजी आप्पांच्या फौजेने सेंट सेबास्टियनच्या बुरुजाखाली सुरुंग उडवले, खिंडारात मराठ्यांची प्रेते पडली आणि तेव्हा कुठे वसई हाती आली. आज त्याच किल्ल्यात शिरायला काय लागते? भाड्याचा झगा, उसना कोट, एक फोटोग्राफर आणि लाल-निळ्या धुराची नळकांडी. शाबास रे बहाद्दरांनो!

गेल्या रविवारी आम्ही हा पराक्रम डोळ्यांनी पाहिला. पडक्या चर्चमध्ये फरशीच्या जागी थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरे कोरलेली. त्यातल्या एकीवर टाचेचे बूट रोवून नियोजित वधू गिरक्या घेत होती आणि कॅमेरावाला ओरडत होता, "मॅडम, अजून एकदा!" मेलेल्या माणसाच्या छातीवर रीटेक! लग्न पुढच्या महिन्यात. अक्कल कधी येणार, ते वऱ्हाडाने ठरवावे. शेजारच्या भिंतीवर खिळ्याने कोरलेले बदाम आणि कोनाड्यात बिअरच्या बाटल्या.

त्यावर कोणी दीडशहाणा म्हणेल, किल्ला फिरंग्यांचा, चर्च फिरंग्यांचे, तुमच्या पोटात का दुखते? अरे, ज्यांनी तो रक्त सांडून घेतला त्यांना तरी विचारा! वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी भंगारात मोडल्या नाहीत. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळच्या मेणवलीत त्यांनी त्या मानाने टांगल्या. शत्रूच्या घंटेचे मोल ओळखणाऱ्यांचे वारस म्हणवता आणि आपल्या दारातल्या तटावर पिचकाऱ्या मारता?

आणि आमचे दुर्गप्रेमी! राजगडाला रात्री बॅटरी घेऊन चढतील, गाडीच्या काचेवर राजमुद्रा चिकटवतील. वसईला मात्र लोकलने भाईंदरची खाडी ओलांडून जाता येते, वर चढण नाही, घाम नाही, म्हणून तो किल्लाच नव्हे! घराजवळचे ते फुकटचे, आणि फुकटचे ते उकिरड्याचे, हा आमचा जुना हिशेब.

सरकारचे काय? दारात निळी पाटी उभी आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस करील त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, असा कायदा आहे. पाटी गंजली, कायदाही गंजला. आम्ही होतो तोवर पहारेकरी एकदा आला, झगा पाहून हसला आणि सावलीत जाऊन बसला. त्या गरिबाला दोष कशाला द्या? एवढ्या अफाट आवारात एक माणूस आणि एक शिटी देऊन ज्यांनी त्याला उभा केला, त्यांची गचांडी धरली पाहिजे.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने ह्याच वसईत इंग्रजांशी तह करून मराठी राज्य गहाण टाकले. यंदाच्या ३१ डिसेंबरला बाटल्या घेऊन तटाआड शिरणाऱ्यांना, साहेब, तुम्ही दारात अडवणार आहात, की त्या रात्री तुमच्याही घरी पाहुणे आहेत?