गुणवत्तेचे माप आणि जातीचा उच्चार

परीक्षेतील गुण म्हणजे विद्यार्थ्याच्या बुद्धीचे निखळ माप, हा समज सुशिक्षित वर्गात दृढमूल आहे. गुणांत मागे राहणाऱ्या समाजाची कुवतच कमी, असा निष्कर्षही त्यातून बिनदिक्कत काढला जातो. हा तर्क कितपत टिकतो, याची कसोटी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात प्रत्यक्ष घेतली गेली आहे.

कार्ला हॉफ व प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उच्च मानल्या गेलेल्या जातींतील ३२१ आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींतील ३२१ शाळकरी मुलांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवावयास दिली. सुटलेल्या कोड्यांमागे पैसे मिळावयाचे होते. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक आढळला नाही. मात्र जेथे मुलांच्या जातीचा सर्वांसमक्ष उच्चार झाला, तेथे खालच्या मानलेल्या जातींतील मुले लक्षणीयरीत्या मागे पडली.

याचे खापर न्यूनगंडावर फोडणे सोपे आहे. परंतु मोबदला ठरविताना सोडतीचा, म्हणजे निव्वळ दैवाचा, भाग आणताच ही तफावत नाहीशी झाली. सोडतीला जात कळत नाही, माणसाला कळते. अविश्वास होता तो स्वतःच्या बुद्धीवर नव्हे, तर पारख करणाऱ्याच्या निःपक्षपातीपणावर.

हा अविश्वास अनाठायी म्हणता येत नाही. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात बोलका आहे. ६६ आठवड्यांत खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज धाडण्यात आले. पात्रता तुल्य, भेद केवळ नावांचा. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढील बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश, तर मुसलमान नावाला सुमारे एक-तृतीयांश ठरला.

येथे एक दुष्टचक्र पूर्ण होते. निवडणारा शंका घेतो. ती शंका ठाऊक असल्याने उमेदवाराची उमेद खचते. आणि खचलेल्या उमेदीचे आकडे पुन्हा त्या शंकेचा पुरावा म्हणून पुढे केले जातात. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी होय, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच बजावले होते. त्या विभागणीत वाया जाणारे कर्तृत्व हा साऱ्या समाजाचाच तोटा होय.

मग दप्तरातून जात पुसून टाकावी काय? तसे केल्यास विषमता नष्ट होणार नाही; ती फक्त दिसेनाशी होईल, आणि शिष्यवृत्तीचा आधारही तुटेल. नोंद आणि उच्चार यांतील भेद ओळखावयास हवा. नोंद कपाटात असावी, वर्गात तिचा पुकारा नसावा. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी भर वर्गात प्रवर्गवार विद्यार्थ्यांना उभे करणे टाळता येते. उत्तरपत्रिका केवळ क्रमांकाने तपासता येतात. नोकरीच्या अर्जांची पहिली छाननी नाव झाकून करता येते.

यांपैकी कशासाठीही नवा कायदा वा मोठा खर्च नको. शिक्षकाने आणि कार्यालयातील लिपिकाने किंचित दक्षता बाळगली तरी पुरे. गुणवत्तेचा आग्रह धरणाऱ्यांनी तर ती सर्वांआधी बाळगावयास हवी. माप आधी निर्दोष करावे, मग कोण किती भरतो ते खुशाल मोजावे.