हसण्याचा अधिकार

मालगुंडला केशवसुतांचे स्मारक पाहून आम्ही गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर बसलो असता एका स्नेह्यांनी फ्रँक मॅकोर्टच्या ‘अँजेलाज अ‍ॅशेस’ (१९९६) या आत्मकथनावर ठपका ठेवला: लिमरिकमधील उपासमारीची नि श्रद्धेची त्यात थट्टा आहे! आम्हांस हे मुळीच मान्य नाही. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी पोराला ओकारी होते. आजी त्याला पापनिवेदनास पिटाळते, आणि परसात पडलेला देव साध्या पाण्याने धुवावा की पवित्र पाण्याने, हे विचारायला पुन्हा धाडते. ही थट्टा देवाची नव्हे, आजीच्या धास्तीची. आणि ती करतो तो उपाशी वाढलेला पोरच. पोटभर जेवलेल्याने हसणे निराळे. लक्ष्मीबाई टिळक ‘स्मृतिचित्रां’त वडिलांच्या सोवळ्यावर नि स्वतःच्या ओढगस्तीवर हसतात, ते आपण कौतुकाने वाचतो. मग लिमरिकच्या पोरानेच तेवढे रडत का बसावे?