यूजरची सही

त्या कागदावर सही माझी आहे, म्हणून आधी तेच सांगून टाकते.

कागदाचं नाव ‘यूजर अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग’. आयटीवाले त्याला यूएटी म्हणतात. अ‍ॅप तयार झालं की ज्यांना ते वापरायचंय त्यांनी चालवून बघायचं आणि ‘ठीक आहे’ म्हणून सही करायची. सही झाली की कंपनीचं बिल निघतं. आमच्या पतसंस्थेच्या पिग्मी अ‍ॅपच्या कागदावर ‘यूजर’ या रकान्यात मी सही केली. मी काउंटरवर बसणारी क्लार्क. ते अ‍ॅप मी एक दिवसही वापरणार नव्हते. वापरणार होते आमचे अकरा पिग्मी एजंट, आणि त्यांच्यातला एकही जण त्या दिवशी त्या खोलीत नव्हता. ते बाजारात कलेक्शन करत फिरत होते.

पुण्या-मुंबईत वाढलेल्यांना पिग्मी ठाऊक नसेल कदाचित. रोज थोडे थोडे पैसे साठवायची ही योजना १९२८ साली उडुपीच्या एका बँकेने सुरू केली. तीच पुढे सिंडिकेट बँक झाली. बँकेचा माणूस रोज दारात येणार आणि दोन आणे घेऊन जाणार, अशी मूळ कल्पना. सिंडिकेट बँक २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली, पण तालुक्याच्या गावांत पिग्मी अजून जिवंत आहे. चप्पलवाला, भाजीवाली, सायकलचं पंक्चर काढणारा, सगळे रोज पन्नास-शंभर रुपये एजंटच्या हातावर ठेवतात. दिवाळीत किंवा पोरीच्या अ‍ॅडमिशनला ते काढतात. एजंटला पगार नाही. आमच्याकडे शंभराला तीन रुपये कमिशन मिळतं, बस.

आमचे एक काका सत्तावीस वर्षं हे काम करतायत. रोज साधारण १४० दुकानं, १४ हजार रुपये. त्यांच्याकडे एक जाडजूड मशीन असायचं, बटणांवरचे आकडे घासून पुसले गेलेले. खातेक्रमांक दाबायचा, रक्कम दाबायची, हिरवं बटण. चर्र करून पावती बाहेर. मी एकदा गंमत म्हणून घड्याळ लावलं होतं. ११ सेकंद. तेवढ्यात काका गिऱ्हाइकाच्या आईच्या गुडघ्यांची चौकशीही करून घ्यायचे.

मशीनमध्ये खोट नव्हती असं नाही. दिवसभराचा हिशेब संध्याकाळी संस्थेत आणून उतरवावा लागे, आणि मधल्या वेळात एजंटने काय केलं ते कोणाला कळत नसे. एजंटने पैसे परस्पर वापरल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. तेव्हा संचालक मंडळाला ‘रिअल टाइम’ अ‍ॅप हवंसं वाटलं यात गैर काही नव्हतं. पैसे जमा झाले की त्याच क्षणी चेअरमनसाहेबांच्या केबिनमधल्या स्क्रीनवर आकडा वाढला पाहिजे. कंपनीने अगदी तेच बनवून दिलं. केबिनमधला डॅशबोर्ड इतका देखणा आहे की पाहुणे आले की आधी तो दाखवतात.

अ‍ॅपची दुसरी बाजू मात्र काकांच्या हातात आली. उघडलं की आधी चेअरमनसाहेबांचा फोटो आणि सणाच्या शुभेच्छा. खाली सरकवलं की ‘कलेक्शन’. पाच मिनिटं फोन नुसता राहिला की लॉगिन जातं आणि पुन्हा ओटीपी. काकांना पाठ असलेला ३१७ हा खातेक्रमांक आता ००२१०५००००३१७ झाला होता. नाही, थांबा, मीच चुकले. ००२१०५०००००३१७. चौदा आकडे. टेबलाशी निवांत बसून लिहितानाही माझा एक शून्य राहिला, आणि काकांनी हा नंबर उन्हात, एका हातात सुट्टे पैसे धरून टाकायचा. तसं नको तर नावाने शोधा, पण इंग्रजीत. काका लोकांना नावाने ओळखतच नाहीत. ‘हार्डवेअरच्या शेजारचा चप्पलवाला’ हे त्या माणसाचं नाव असतं. छापील पावती बंद झाली, एसएमएस सुरू झाला, आणि तो कधी लगेच, कधी संध्याकाळी. पुन्हा घड्याळ लावलं. नेट चांगलं असताना ४८ सेकंद. १४० दुकानांचा हिशेब तुम्हीच करा. रोज जवळपास दीड तास जास्त, त्याच कमिशनमध्ये.

हे सगळं यूएटीच्या दिवशी मला का दिसलं नाही? कारण आम्ही मीटिंग हॉलमध्ये बसलो होतो. एसी चालू, वायफाय जोरात. खाती वीस, त्यांची नावं ‘टेस्ट वन’, ‘टेस्ट टू’. कंपनीचा मुलगा हुशार होता, नम्र होता, माझ्याच वयाचा. त्याने प्रत्येक स्क्रीन दाखवला, मी मान हलवली. दसऱ्याला उद्घाटन ठरलेलं, पत्रिका छापून झालेल्या. ऑफलाइन चालेल का, एवढं मी विचारलं होतं. तो म्हणाला, ‘ते फेज टूमध्ये आहे, मॅडम.’ फेज टू ही जागा आपल्याकडच्या स्वर्गासारखी आहे. सगळं चांगलं तिथे असतं, आणि तिथून परत येऊन कोणी काही सांगत नाही.

पहिल्या महिन्याअखेर काकांच्या हिशेबात ४,३५० रुपयांची तूट आली. अ‍ॅप म्हणतं एवढे गोळा केले, काकांनी भरले त्याहून कमी. नियमाप्रमाणे फरक कमिशनमधून कापला. काका भांडले नाहीत. काउंटरच्या काचेपाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, ‘मॅडम, माझंच काहीतरी चुकत असणार. वय झालं आता.’

माझा सगळा राग या वाक्यावर आहे. वाईट अ‍ॅप वेळ खातं, पैसे खातं, ते एक वेळ भरून निघेल. पण सत्तावीस वर्षं एका रुपयाचा फरक न येऊ दिलेल्या माणसाला ते पटवून देतं की तू मठ्ठ आहेस. आणि हे पटवायला आपण सगळे मदत करतो. कंपनीला मेल केला, उत्तर आलं: ‘सिस्टिम डिझाइनप्रमाणे चालत आहे. यूजरला ट्रेनिंग द्यावे.’ मॅनेजर म्हणाले, ‘म्हाताऱ्या माणसांना बदल नको असतो.’ हेच काका चहाचे पैसे क्यूआर कोडने देतात, रोज सकाळी सहा वाजता मला फुलांचे सुविचार पाठवतात, आणि नातीला व्हिडिओ कॉल लावतात.

या ‘बदल नको असतो’चा एकदा निकाल लावूच. यूपीआय २०१६ साली आलं. आमच्या बाजारातल्या भाजीवालीला त्याचं ट्रेनिंग कोणी दिलं? कोणीही नाही. पैसे आले की मोठ्याने बोलून सांगणारी डबी तिच्या गाड्यावर आली, कारण कोणीतरी बघितलं की तिचे हात ओले असतात आणि दर वेळी फोन बघणं तिला जमत नाही. हे तिच्यावरच्या प्रेमापोटी झालेलं नाही. एका कंपनीचं जमलं नाही तर ती उद्या दुसरीचा कोड लावेल, ही भीती त्यामागे आहे. जो सोडून जाऊ शकतो त्याच्यासाठी सगळे झिजतात. काका सोडून जाऊ शकत नाहीत. अ‍ॅप विकत घेतलं चेअरमनसाहेबांनी, वापरणार काका. कंपनीसाठी ग्राहक कोण, हे तिथेच ठरून गेलं. तुमच्या कॉलेजचं परीक्षेचं पोर्टल, ऑफिसातलं हजेरीचं अ‍ॅप, सरकारी फॉर्म भरायची साइट आठवून बघा. तुम्हाला सर्वांत जास्त छळणारी अ‍ॅप्स तीच असतील, जी तुम्ही निवडलेली नाहीत.

सक्तीच्या अ‍ॅपमध्ये तूट आली की काय होतं, याचं सर्वांत भयानक उदाहरण ब्रिटनमध्ये घडलं. तिथली बरीचशी पोस्टाची काउंटर छोटे दुकानदार चालवतात. त्यांना सब-पोस्टमास्तर म्हणतात. १९९९पासून त्यांना होरायझन ही फुजित्सू कंपनीची प्रणाली वापरावी लागली. हिशेबात तूट दिसू लागली. करारानुसार ती त्यांनीच भरायची. हेल्पलाइनला फोन केला की अनेकांना सांगितलं जाई, असा त्रास तुमच्या एकट्याकडेच होतोय. लोकांनी घरं गहाण टाकून पैसे भरले. होरायझनच्या आकड्यांच्या आधारावर ९००हून जास्त जणांवर गुन्हे लागले. सीमा मिश्रा ही भारतीय वंशाची सब-पोस्टमास्तर २०१०मध्ये गरोदर असताना तुरुंगात गेली. २०२१मध्ये तिची शिक्षा रद्द झाली. मधली अकरा वर्षं कोण देणार? काहींनी जीव दिला. आणि तिथल्या न्यायालयांत गृहीतक असं की संगणक बरोबरच चालतो. नाही म्हणायचं असेल तर तुम्ही दाखवून द्या. ५५५ सब-पोस्टमास्तर एकत्र येऊन लढले, तेव्हा कुठे डिसेंबर २०१९मध्ये न्यायाधीशांनी प्रणालीत दोष असल्याचं निकालात लिहिलं.

होरायझनच्या अनेक दोषांपैकी एकाला स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन गावाचं नाव पडलं आहे. २०१५ साली तिथल्या काउंटरवर ८,००० पौंडांची रोकड नोंदवायची होती. एंटर दाबलं, स्क्रीन हलेना. पुन्हा दाबलं. पुन्हा. आत मात्र दर वेळी नोंद होत होती. ८,०००ची चार वेळा नोंद, २४,००० पौंडांची तूट.

हे मी रात्री झोपण्याआधी फोनवर वाचलं आणि उठून बसले. दुसऱ्या दिवशी मी काकांची वही मागितली. काका सत्तावीस वर्षांची सवय म्हणून प्रत्येक दुकानापुढे वहीत रक्कम लिहितात. ती अ‍ॅपच्या यादीशी ताडून बघितली. तेच खातं, तीच रक्कम, मध्ये आठ-दहा सेकंद. अशा ३७ जोड्या निघाल्या. बेरीज ४,३५०. सगळ्या भाजी मंडईच्या तळघरातल्या आणि कापडबाजाराच्या मागच्या बोळातल्या, जिथे नेट जातं. चाक फिरत राहिलं, काकांना वाटलं झालं नाही, त्यांनी पुन्हा दाबलं. तुम्हीही दाबलं असतं. एक बटण दोनदा दाबलं तर नोंद एकदाच व्हावी, ही काही रॉकेटची विद्या नाही. हे वाचणाऱ्यांतले काही जण हिंजवडीत बसून रोज हेच काम करत असाल, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मला त्या हुशार मुलाचा राग नाही. त्याला ‘एजंट’ नावाचा एक चौकोन कागदावर मिळाला होता, तारीख मिळाली होती, आणि त्याच्या कंपनीचे हप्ते स्क्रीन पूर्ण होण्यावर ठरले होते. डेमोला इतके टक्के, गो-लाइव्हला इतके. गो-लाइव्हनंतरच्या पहिल्या महिन्याबद्दल करारात एक ओळ नव्हती. जिथे खरं काम सुरू होतं, तिथे प्रोजेक्ट संपलेला असतो. लग्न लागलं की भटजींचं काम झालं, तसं. शेवटचा मोठा हप्ता तीन महिन्यांनी, आणि तोही वापरणाऱ्यांच्या सहीने निघाला असता, तर तो मुलगा एक दिवस काकांबरोबर मंडईत नक्की उतरला असता. त्याच्या साहेबांनीच त्याला पाठवलं असतं.

यावर उपाय एकच, आणि तो अंगणवाडी सेविकांनी करून दाखवला आहे. ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारला परत केले. दोन जीबी रॅमचे फोन, सतत बंद पडणारे, आणि त्यांवर चालवायचं केंद्राचं पोषण ट्रॅकर अ‍ॅप इंग्रजीत. ज्या बाईने गावातल्या प्रत्येक बाळाचं वजन करायचं, तिला बाळाचं नाव परक्या लिपीत लिहायला लावायचं. त्यांनी ट्रेनिंग मागितलं नाही. आमच्या भाषेत, चालणाऱ्या फोनवर द्या, म्हणाल्या. त्यांना हे जमलं कारण त्या संघटित होत्या. पिग्मी एजंटांना एकमेकांचे रूटसुद्धा माहीत नसतात.

काकांचे ४,३५० रुपये परत मिळाले. ठरावात ‘विशेष बाब म्हणून’ असं लिहिलंय. अ‍ॅपमध्ये चूक होती असं कुठेही लिहिलेलं नाही. दुरुस्ती फेज टूमध्ये. बाकीच्या दहा जणांच्या वह्या मी अजून तपासतेय; तिघांनी वही ठेवलेलीच नाही. आता काकांनी आपला मार्ग काढलाय. दिवसभर वहीत लिहितात, गिऱ्हाइकाला हाताने चिठ्ठी देतात, आणि संध्याकाळी माझ्या काउंटरशेजारी बसून संस्थेच्या वायफायवर एकेक एंट्री मारतात. त्यांचं बघून बाकीचेही येऊ लागलेत. केबिनमधल्या रिअल टाइम डॅशबोर्डवर दिवसभर शून्य असतं आणि सहा ते साडेसातमध्ये एकदम दीड लाख. वार्षिक सभेच्या प्रेझेंटेशनमध्ये ‘शंभर टक्के एजंट अ‍ॅपवर’ अशी स्लाइड होती. टाळ्या पडल्या.

गेल्या आठवड्यात फेज टूच्या यूएटीचा कागद आला. मी सही करणार नाही, काका करतील, असं मॅनेजरांना सांगितलं. त्यांनी कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, ‘सहीखाली हुद्दा लिहावा लागतो. ते कुठे आपले कर्मचारी आहेत?’

कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. उद्घाटन पाडव्याला आहे म्हणतात.