पाखराच्या वाट्याची रात्र

ढोकीच्या शिवारात दिवस कलला की राघूंचे थवे कलकलाट करत मुक्कामाच्या झाडाकडे निघतात. अंधार पडायच्या आत सगळे फांदी धरून बसतात आणि तांबडं फुटेपर्यंत जागचे हलत नाहीत. आपण 18 अंश अक्षांशाच्या जरा वर राहतो. इथं ऐन जूनमध्येही सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत पावणेअकरा तास भरतात, डिसेंबरात तर जवळजवळ तेरा. पोपटाच्या जातीला रोज दहा-बारा तासांची झोप लागते. शिवारात ती आपोआप मिळते. घरातल्या पाखराला मात्र ती आपणच द्यावी लागते.

देशी राघू पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. त्याची जागा झाडावर. पण मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या, आता पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच वाढलेल्या कॉकाटेल आणि बजरीगर जाती आपल्याकडच्या घरांत रुळल्या आहेत. आमच्याकडेही एक कॉकाटेल आहे. त्याला वेगळी खोली कुठली? पुढच्या खोलीतच मामांची बातम्यांची वेळ, तिथंच पुतण्याचा पोलिस भरतीचा अभ्यास आणि तिथंच पिंजरा. रस्त्यावरून गाणी लावलेले उसाचे ट्रॅक्टर जातात ते वेगळेच.

“काकू, हा आज नुसता चावतोय,” असं पुतण्या म्हणाला की मी आधी विचारते, काल रात्री दिवा किती वाजता बंद झाला? झोप मोडलेलं पाखरू जागरण झालेल्या लेकरासारखं किरकिरं होतं. चावतं, ओरडतं, आणि असंच चालत राहिलं तर स्वतःची पिसं उपटायला लागतं. उजेडाचं गणित तर आणखी खोल आहे. पक्ष्यांच्या मेंदूतच उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेडही त्यांना कळतो. दिवस लांबला की विणीचा हंगाम आला, असं शरीर धरून चालतं. रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली राहणारी कॉकाटेलची मादी नराशिवायही अंडी घालत राहते. त्यात तिच्या हाडांतलं कॅल्शियम झिजतं आणि अंडं अडकून जिवावरही बेततं.

मग सगळ्यांच्या खोलीत रात्र द्यायची कशी? पहिली गोष्ट पिंजऱ्याच्या जागेची. 1999 साली ‘नेचर’मध्ये मॅलार्ड बदकांवरचा एक अभ्यास आला होता. रांगेच्या कडेला झोपलेली बदकं एक डोळा उघडा ठेवतात, अर्धा मेंदू जागा ठेवून राखण करतात. मधली बदकं मात्र निर्धास्त झोपतात. खोलीच्या मधोमध टांगलेला पिंजरा म्हणजे चारही बाजूंनी कडच. तो कोपऱ्यात, दोन भिंतींना लागून ठेवला की पाखराला राखायला दोनच बाजू उरतात. टीव्हीच्या समोर नको, दाराच्या वाऱ्यात नको.

दुसरी गोष्ट वेळेची. साडेसातला आमच्याकडे पिंजऱ्यावर जुन्या सुती लुगड्याचा धडपा पडतो. सुटे धागे निघालेलं कापड नको, नखं अडकतात. समोरची बाजू थोडी उघडी ठेवायची. उन्हाळ्यात आपल्याकडे भिंती रात्रीही तापलेल्या असतात, त्यात जाड चादर टाकणं म्हणजे पाखराला कोंडणं. मामा टीव्हीचा आवाज उतरवतात, पुतण्या टेबलाचा दिवा भिंतीकडे वळवतो. कूलरची एकसुरी घरघर पाखराला बाधत नाही, मधेच आपटलेलं भांडं बाधतं.

तिसरी गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते, ती धुराची. डासांची कॉइल आणि उदबत्ती पिंजऱ्याच्या खोलीत लावूच नये. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, त्यामुळे हवेतलं विष त्याला माणसाच्या कितीतरी आधी भिनतं. इंग्लंडच्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी नेत, ते याचसाठी. डासांसाठी कॉइलपेक्षा खिडकीला जाळी बसवावी.

कॉकाटेलला गडद अंधारही सोसत नाही. भिंतीवर पाल सरकली किंवा बाहेर हॉर्न वाजला की ते दचकून उडतं, गजांवर आपटतं, आणि नव्यानं येणारं पीस मोडलं तर रक्त थांबत नाही. म्हणून लांबच्या भिंतीवर झिरोचा बल्ब असावा. तरीही दचकलंच तर लगेच हात आत घालू नये. दिवा लावून हळू बोलावं, ते फांदीवर स्थिर झालं की मग पंख बघावेत.

सगळं जमलं की पाखरूच तसं सांगतं. सगळ्यात वरच्या दांडीवर एक पाय पोटाशी घेतं, अंगाची पिसं फुलवतं आणि खालची चोच वरच्या चोचीवर घासत बारीक करकर आवाज काढतं. जवळ कान नेला तरच तो ऐकू येतो. मग मान मागे वळवून पाठीच्या पिसांत खुपसतं.

बाजारात पिंजरा घेताना लोक रंग बघतात, जोडी किती रुपयांना विचारतात, बाजरी-राळ्याची पिशवी घेतात. माझी विनंती एवढीच, की त्याआधी घरच्या सगळ्यांना एकत्र बसवून विचारा: साडेसातनंतर या खोलीत आपण हळू बोलणार आहोत का? सगळ्यांचा होकार आला तरच पाखरू घरी आणा. त्याला दुसऱ्या खोलीत उठून जाता येत नाही. ती सोय आपणच हिरावून घेतलेली असते, म्हणून त्याच्या वाट्याची रात्र आपणच राखायची.