बहुश्रुतता आणि शिल्प : एका लहान ट्रेलरच्या निमित्ताने

आपल्या निवासी शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत गणिताच्या एका निवृत्त शिक्षकाने ट्रक-ट्रेलरच्या लहान प्रतिकृतींविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. स्मरणिकेत संस्थेची वाटचाल, दात्यांचे ऋण आणि गुणवंतांचे यश यांविषयी लिहिले जाते, आणि ते उचितच आहे. परंतु महोत्सवानिमित्त नव्या इमारतीचा आराखडा तयार होत असताना तिच्यातील एका खोलीविषयी मला आग्रहाने काही सांगावयाचे आहे. त्या आग्रहाचे मूळ माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीत आहे.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. नववीतील एका विद्यार्थ्याने पुठ्ठा, सनबोर्ड आणि जुन्या स्लीपरचे रबर यांपासून कंटेनर वाहून नेणारा ट्रेलर तयार करून आणला होता. मी तो ‘टाकाऊतून टिकाऊ’ या टेबलावर ठेवावयास सांगितला, ‘किती दिवस लागले?’ एवढे विचारले आणि पुढे गेलो. पहिले पारितोषिक सोडा आणि व्हिनेगर घालून फेसाळणाऱ्या ज्वालामुखीला मिळाले. सायंकाळी मांडणी आवरताना तो मुलगा आपल्या मित्राला सांगत होता, “खरा डबा चाळीस फुटांचा असतो. त्याला पंचवीसने भागायचं. म्हणून हा एवढाच.” मी थबकलो. पट्टी मागवून डबा मोजला. ४० फूट म्हणजे १२.१९ मीटर, त्याला २५ ने भागले की ४८.८ सेंटिमीटर. डबा तेवढाच भरला. खऱ्या डब्याची रुंदी ८ फूट, म्हणून येथे ती पावणेदहा सेंटिमीटर. मोठ्या ट्रकचे चाक सुमारे १.०५ मीटर व्यासाचे असते; स्लीपरच्या रबराची ही चाके ४.२ सेंटिमीटरची होती. त्याचे वडील न्हावा-शेवा बंदरातून कंटेनर नेणारा ट्रेलर चालवीत असत. सुटीत त्यांच्याबरोबर जाऊन त्याने टेपने मापे घेतली होती. आणि मला आठवले की, याच मुलाच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे ‘खासगी नोकरी’ असे लिहिलेले मी वर्गशिक्षक म्हणून वाचले होते.

त्या दिवसापासून मी या छंदाची माहिती मिळवू लागलो. जगात तो पोरखेळ समजला जात नाही. अमेरिकेत मोटारविक्रेत्यांसाठी जाहिरातीच्या लहान मोटारी बनविणाऱ्या एएमटी या कंपनीने पुढे घरी जोडावयाचे संच काढले, आणि १९७० च्या दशकात पीटरबिल्ट ३५९, केनवर्थ डब्ल्यू-९२५ अशा लांब पल्ल्याच्या ट्रकांचे १:२५ प्रमाणातील संच तेथील घराघरांत पोहोचले. इटलीच्या इटालेरी कंपनीने स्कॅनिया, व्होल्वो अशा युरोपीय ट्रकांसाठी १:२४ हे प्रमाण घेतले. जपानच्या तामिया कंपनीचे रेडिओवर चालणारे ट्रक १:१४ प्रमाणात असतात. संचाच्या खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेकडो सुटे भाग येतात. ते कापून, घासून, रंगवून आणि चिकटवून ट्रक उभा राहतो.

परंतु खरा कारागीर येथे थांबत नाही. तो चासीच्या दोन्ही पट्ट्या कापून मध्ये तुकडा जोडतो आणि ट्रक लांब करतो. एका संचाची केबिन दुसऱ्याच्या चासीवर बसवितो. चालकाच्या झोपण्याची खोली मोठी करतो. घोडा आणि ट्रेलर यांच्यामध्ये बारीक तारेच्या नळ्या ओढतो. अमेरिकी ट्रक असेल, तर नेहमीच्या ब्रेकच्या हवेची निळी, आपत्कालीन ब्रेकची तांबडी आणि विजेची हिरवी. शेवटी खडूची भुकटी आणि पातळ केलेला तपकिरी रंग वापरून तो नव्या कोऱ्या गाडीवर हजारो मैलांची धूळ चढवितो. संचाबरोबर आलेल्या सूचनापत्रकावरही त्याचा आंधळा विश्वास नसतो. तो खऱ्या गाडीजवळ जातो, मोजतो, पाहतो आणि पत्रक चुकले असेल तर पत्रक बाजूला ठेवतो. केवळ ग्रंथात आहे म्हणून मानू नका, ही कालामसुत्ताची शिकवण आपण मुलांना तोंडी सांगतो. येथे ती बोटांना कळते.

गणिताचा शिक्षक म्हणून मला या छंदाचे विशेष मोल वाटते. लांबी २५ पटींनी घटली, तर पृष्ठफळ ६२५ पटींनी आणि घनफळ १५,६२५ पटींनी घटते, हे मी फळ्यावर वर्षानुवर्षे लिहिले. मुलांनी ते पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरले. प्रतिकृती करणारा मुलगा ते विसरू शकत नाही. त्याच्या हातून एक मिलिमीटरची चूक झाली, तर खऱ्या गाडीत ती २५ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ एका इंचाची चूक ठरते. रंगाचा थर जाड झाला की दाराच्या फटी बुजतात आणि गाडी खोटी दिसू लागते. अचूकपणा हा गुण उपदेशाने येत नाही. तो अशा छोट्या चुकांच्या लाजेतून येतो.

ट्रेलरचे मर्म त्याच्या सांध्यात आहे. या ट्रेलरला पुढची चाके नसतात. त्याचा पुढचा भार इंजिन असलेल्या भागावर, आपले चालक ज्याला ‘घोडा’ म्हणतात त्याच्यावर, टेकलेला असतो. घोड्याच्या पाठीवर एक सपाट लोखंडी बैठक असते आणि ट्रेलरच्या पोटाखाली दोन इंच जाडीची एक खुंटी. ही किंगपिन बैठकीच्या खाचेत अडकते आणि तिच्याभोवती सारा ट्रेलर वळतो. १:२५ च्या प्रतिकृतीत ती खुंटी अवघी दोन मिलिमीटरची होते. ती नीट बसली की मुलगा टेबलावर गाडी मागे ढकलून पाहतो आणि चकित होतो, कारण ट्रेलरचे शेपूट डावीकडे न्यावयाचे, तर घोड्याचे तोंड आधी उजवीकडे वळवावे लागते. वळणावर ट्रेलरची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गावरून न जाता आतल्या बाजूने जातात, हेही त्याला दिसते. नाक्यावर वळणाऱ्या ट्रेलरच्या आतल्या अंगाला सायकल का उभी करू नये, हे त्याला पुन्हा सांगावे लागत नाही.

त्या लोखंडी बैठकीला इंग्रजीत ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक, म्हणतात. हे नाव घोडागाड्यांच्या काळातले आहे. चार चाकांच्या घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर जे आडवे चक्र बसवीत, त्याचे ते नाव. गाडीचा उल्लेख आला की आपल्याला राजा मिलिंद आणि भदंत नागसेन यांचा संवाद आठवल्याशिवाय राहत नाही. रथातून आलेल्या राजाला नागसेनांनी विचारले की, आस हा रथ आहे काय, चाके हा रथ आहे काय, जू हा रथ आहे काय. आणि प्रत्येक वेळी राजाला ‘नाही’ म्हणावे लागले. सुटे भाग एका विशिष्ट रचनेत एकत्र आले म्हणजे त्यांना आपण रथ म्हणतो, एवढेच. हा दृष्टान्त मी अनेक प्रवचनांत ऐकला होता. पण तो मला खऱ्या अर्थाने कळला, तो ट्रकचे शेकडो सुटे भाग टेबलावर पसरलेले पाहिले तेव्हा. त्यांतला एकही ट्रक नव्हता. औरंगाबादला १९५० मध्ये सुरू झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्याच्या परिसराला नागसेनाचे नाव आहे. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तरासाठी रथाकडे बोट दाखविणारा भिक्खू ही आपल्या शिक्षणपरंपरेची प्रतीके आहेत. मग आपल्या शाळेत रथाला हात लावण्याची सोय का नसावी?

येथे एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो मी टाळणार नाही. आपले अनेक पालक म्हणतात, “सर, हाताची कामं आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या केली. पोरांच्या हातातली ती कामं सुटावीत म्हणून तर त्यांना इथं ठेवलं. आता तुम्ही पुन्हा कात्री अन् करवत देता?” या बोलण्यामागील वेदना खरी आहे. ज्यांच्यावर श्रम लादले गेले, त्यांना श्रमाच्या प्रतिष्ठेची व्याख्याने देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तथापि, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात दाखविलेला भेद येथे ध्यानात घ्यावा. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीत माणसाच्या आवडीला वा कुवतीला स्थान नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे दोष हाताच्या कामात नव्हता. ते जन्माने वाट्याला येण्यात होता. त्या व्यवस्थेने एकाच्या वाट्याला अक्षर दिले व त्याचा हात काढून घेतला, आणि दुसऱ्याच्या वाट्याला हत्यार दिले व त्याचे अक्षर काढून घेतले. आपण अक्षर परत मिळविले. पण ते मिळाल्यावर हाताला कमी लेखू लागलो, तर त्या व्यवस्थेचे अर्धे म्हणणे आपणच मान्य केल्यासारखे होते. ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या टेबलाकडे बोट दाखविताना मी नेमके तेच केले होते. आणि ‘खासगी नोकरी’ लिहिणाऱ्या मुलालाही कोणीतरी तेच शिकविले होते.

मंगलसुत्त आपल्या मुलांना मुखोद्गत आहे. त्यातील अडतीस मंगलांपैकी बहुश्रुतता आणि शिल्प ही दोन एकाच गाथेत, अगदी शेजारी-शेजारी येतात. तथागतांनी त्यांत उच्च-नीच केलेले नाही. आपण मात्र पहिल्यासाठी ग्रंथालय, अभ्यासिका आणि संगणककक्ष उभारले, आणि दुसऱ्यासाठी वर्षातून एक दिवसाचे प्रदर्शन. हाच माझा मुख्य आक्षेप आहे, आणि तो इतरांइतकाच माझ्यावरही आहे.

या छंदाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. परदेशी संच महाग असतात. आपल्या शाळेने ते विकत घेऊ नयेत असेच माझे मत आहे. सनबोर्ड, पुठ्ठा, रिकाम्या रिफिली, सलाईनची नळी, पॉलिश पेपर आणि फेव्हिकॉल यांवर उत्तम प्रतिकृती होते. आपल्या गावांत स्लीपरची चाके कापून गाडे करणारी मुले पूर्वीपासून आहेत. त्यांच्या हातात फक्त मोजपट्टी द्यावयाची आहे. प्लॅस्टिक जोडण्याचे द्रावण आणि फवाऱ्याचे रंग यांची वाफ अपायकारक असते. म्हणून पाण्यात मिसळणारे रंग वापरावेत, खोलीला दोन्ही बाजूंनी खिडक्या असाव्यात आणि धारदार पाती शिक्षकांच्या देखरेखीखालीच द्यावीत. आणखी एक दोष मनाचा आहे. या छंदातील अनेक प्रौढ मंडळी संचांची खोकी विकत घेऊन न उघडताच साठवितात. जमविण्याची तृष्णा करण्याच्या आनंदाला गिळून टाकते. शाळेत प्रत्येक हाताखाली एकच काम असावे आणि ते पूर्ण झाल्यावरच दुसरे मिळावे, एवढा नियम त्यावर पुरेसा आहे.

नव्या इमारतीत माझी मागणी एवढीच आहे. एक हवेशीर खोली, चार भक्कम टेबले, हत्यारांची एक कुलूपबंद पेटी आणि एक मापवही. तिला ‘शिल्पशाळा’ म्हणावे. शनिवारी दुपारचे दोन तास तिच्यासाठी राखावेत आणि ते मुलींच्या वसतिगृहालाही तितकेच खुले असावेत. मुलांनी कशाची प्रतिकृती करावी हे त्यांनी ठरवावे. पण ट्रेलर हा आरंभासाठी चांगला विषय आहे, कारण तो आपल्या रस्त्यांवर रोज दिसतो आणि त्यात भूमिती, यंत्र आणि माणसाची उपजीविका ही तिन्ही एकत्र आहेत. येथे पारितोषिके नसावीत. मापवहीतील माप आणि वस्तूचे माप जुळले की नाही, हीच परीक्षा.

आणि पहिल्या शनिवारी मार्गदर्शक म्हणून पाहुणा अभियंता बोलावू नये. आपल्या पालकांपैकी जे ट्रक-ट्रेलर चालवितात, त्यांच्यापैकी एकाला सन्मानाने आमंत्रण द्यावे. घाटात उतरताना कोणता गिअर ठेवतात, ओझे कुठे जास्त टाकले तर गाडी कशी वागते, मागे घेताना आरशात काय पाहावयाचे असते, हे त्यांनी मुलांना त्या लहान ट्रेलरवर दाखवावे. पुष्पगुच्छ देऊन त्यांचे स्वागत त्यांच्याच मुलाने वा मुलीने करावे. त्यानंतर प्रवेश-अर्जावरील त्या रकान्यात मुले काय लिहितात, हे आपण पाहू.

तो नववीचा ट्रेलर आज माझ्या घरी आहे. शाळा सोडताना त्या विद्यार्थ्याने तो मला दिला. मी त्याला पारितोषिक दिले नव्हते, तरीही दिला. शिल्पशाळा उभी राहिली, तर पहिल्या टेबलावर तो ठेवावा, ही माझी विनंती आहे. शाळेच्या पुढील वाटचालीस माझ्या मंगल कामना.