पिळदार शरीर आणि लघवीची तपासणी

पंचविशीच्या आतबाहेरचा, दंड-छाती कमावलेला तरुण विम्यासाठी अथवा नोकरीसाठी केलेल्या रक्ततपासणीचा कागद घेऊन दवाखान्यात येतो, त्यात क्रिएटिनिन १.६ आढळते, आणि आपल्यापैकी पुष्कळ जण त्याच्या देहयष्टीकडे एकवार पाहून ‘स्नायू अधिक, म्हणून क्रिएटिनिन अधिक’ असा निर्वाळा देऊन त्याची बोळवण करतात. हा निर्वाळा निराधार नाही. क्रिएटिनिनची उत्पत्ती स्नायूंतील क्रिएटिनपासूनच होते. क्रिएटिनची भुकटी आणि भरपूर मांसाहार यांनीही त्याचे प्रमाण वाढते. आणि नित्य वजन उचलण्याने निरोगी मूत्रपिंडांना इजा पोहोचते असे मानावयास आधार नाही. परंतु जो खुलासा बहुधा खरा ठरतो, तोच एखाद्या रुग्णाच्या बाबतीत खरे निदान महिनोन् महिने झाकून ठेवतो, आणि हे घडू नये म्हणून लघवीच्या तपासणीचा आग्रह आम्ही आमच्या व्यवसायबंधूंपाशी धरीत आहोत.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली दीर्घकाळ अॅनाबॉलिक स्टिरॉइड घेतलेल्या दहा शरीरसौष्ठवपटूंची जी हकीकत प्रसिद्ध केली, ती प्रत्येक कुटुंबवैद्याने लक्षपूर्वक वाचण्याजोगी आहे. या दहा जणांच्या लघवीतून दिवसाकाठी सरासरी १० ग्रॅम प्रथिन वाहून जात होते, रक्तातील क्रिएटिनिन सरासरी ३ होते, आणि तिघांना नेफ्रॉटिक सिंड्रोम पूर्णत्वाने जडलेला होता. बायॉप्सीत नऊ जणांना फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस असल्याचे निष्पन्न झाले. दहाव्याचे केशिकागुच्छ केवळ आकाराने वाढलेले होते. वाढलेल्या देहभाराचे ओझे गाळणीवर पडते आणि शिवाय ही द्रव्ये गाळणीच्या पेशींना प्रत्यक्षच अपाय करीत असावीत, असे अनुमान त्या संशोधकांनी मांडले. ज्या आठ जणांचा पुढील वृत्तांत उपलब्ध झाला त्यांपैकी एकाची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली; उरलेल्या सातांनी औषधे सोडली, त्यांना रेनिन-अँजिओटेन्सिन यंत्रणा रोखणारी औषधे दिली गेली, आणि त्यांचे वजन उतरून प्रथिनाचा स्राव घटला. पुढे एकाने पुन्हा स्टिरॉइडचा मार्ग धरला, तेव्हा प्रथिनही परत आले आणि मूत्रपिंडांची दुर्बलताही. दहा रुग्णांवरून या विकाराचे समाजातील प्रमाण ठरत नाही हे खरे. पण सोडताच सुधारणा आणि घेताच पुनरावृत्ती, ही साक्ष हलकी लेखण्यासारखी नाही.

तेव्हा क्रिएटिनिनचा आकडा स्नायूंच्या खाती जमा करण्यापूर्वी लघवी तपासावी, कारण स्नायू कितीही वाढले तरी त्यामुळे लघवीत अल्ब्युमिन उतरत नाही. नमुना मात्र दोन दिवस व्यायाम बंद ठेवून घ्यावा, नाहीतर श्रमानंतर तात्पुरते उतरणारे प्रथिन आपली दिशाभूल करील. शक्य तेथे सिस्टॅटिन सी करून घ्यावे; ते स्नायूंच्या वस्तुमानावर फारसे अवलंबून नसते. रक्तदाब मोजताना तर एक साधी हयगय नेहमी घडते: अठरा इंची दंडाभोवती नेहमीचा पट्टा ओढूनताणून गुंडाळला जातो, आकडा खोटा वाढतो, आणि एकदा तो खोटा आहे असे कळले की नंतरचा खरा वाढलेला आकडाही कोणी मनावर घेत नाही. मोठा पट्टा दवाखान्यात असलाच पाहिजे.

खंडानंतर एकदम अतिरिक्त वजन उचलल्याने, विशेषतः उन्हाळ्यात आणि पाणी कमी पडल्यास, स्नायूंचा विध्वंस होऊन मायोग्लोबिन मूत्रपिंडात उतरते, हे आपण सारे जाणतो. अशा रुग्णाची लघवी कोऱ्या चहासारखी होते, पट्टीवर रक्त दिसते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी आढळत नाहीत. ही विसंगती प्रयोगशाळेची चूक समजून सोडून देऊ नये. त्याच वेळी सीपीके पाहावे व रुग्णाला तत्काळ रुग्णालयात धाडावे. ‘श्री’ किताबांच्या स्पर्धांचा मोसम जवळ आला की पाणी तोडणे, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या आणि अंगदुखीसाठी वेदनाशामके असा तिहेरी भार त्याच मूत्रपिंडांवर पडतो, हेही ध्यानी ठेवावे.

‘स्टिरॉइड घेता काय?’ या प्रश्नाला सहसा नकारार्थीच उत्तर मिळते. त्याऐवजी शेवटचा कोर्स कधी संपला, त्यात कोणती इंजेक्शने व गोळ्या होत्या, जोडीला आणखी काय चालू होते, असे सहज विचारावे आणि रिकाम्या कुप्या व वेष्टने पाहावयास मागावीत. गुरांसाठी बनविलेली तेलकट जीवनसत्त्वांची इंजेक्शने दंड फुगविण्याकरिता टोचून घेतल्याने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडल्याच्या नोंदी ब्राझीलमधून आलेल्या आहेत. कुपी पाहिल्यावाचून असे कारण हाती लागणे दुरापास्त. आणि कृपा करून त्या मुलाची खरडपट्टी काढू नये. औषध थांबल्यावर शरीरातील स्वतःचे टेस्टोस्टेरॉन काही काळ मंदावते, मन खचते, अंग गळून जाते. त्या दिवसांत आपण त्याला दुरावलो, तर ज्याने पहिली सुई दिली त्याच्याकडेच तो परत जाणार.

या प्रकरणात वैद्यकव्यवसायाची जबाबदारी केवळ निदानापुरती मर्यादित नाही. सिबा कंपनीने १९५८ साली डायनाबॉल हे अॅनाबॉलिक स्टिरॉइड बाजारात आणले आणि अमेरिकेतील वजन उचलणाऱ्या खेळाडूंच्या हाती ते दिले डॉ. जॉन झीग्लर या वैद्यानेच. पुढे त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला, परंतु तोवर औषध त्यांच्या हातून निसटून गेलेले होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९७५ साली या द्रव्यांवर बंदी घातली. आपल्याकडे ती ‘शेड्यूल एच’मध्ये समाविष्ट आहेत, म्हणजे नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवाचून त्यांची किरकोळ विक्री करणे बेकायदा आहे. तरीही ती सर्रास मिळतात. त्यातील बराच माल चोरट्या वाटेने येतो हे मान्य केले, तरी ओळखीखातर वा भिडेखातर लिहिलेल्या चिठ्ठ्याही त्यात असतात, आणि त्यांच्याबद्दल मौन पाळणे या मासिकाला शोभणार नाही. वृषणांची क्षीणता वा तत्सम स्पष्ट आजार कागदोपत्री सिद्ध झाल्याशिवाय निरोगी तरुणासाठी टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन किंवा स्टॅनोझोलोल यांची चिठ्ठी लिहिणे हा वैद्यकीय अपराध आहे. ज्या व्यवसायबंधूंनी अशी चिठ्ठी कधी लिहिली असेल त्यांनी ती आजपासून बंद करावी, आणि ज्यांना ती दिली त्या तरुणांना बोलावून घेऊन त्यांची लघवी व रक्तदाब तपासावा.